नवा डेटाबेस तयार करण्यापूर्वी काय ठरवावे : तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजच्या निमित्ताने

तासगावच्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजचे संगणकाचे काम पाहणाऱ्या एका सद्गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे उबुंटूच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरची सोळावी आवृत्ती चालते आणि दर आर्थिक वर्षाला एक याप्रमाणे चार डेटाबेस आहेत. आता मालकांनी सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीची दुसरी फर्म सुरू केली असल्याने एक डेटाबेस तिच्यासाठी आणि एक कोल्ड स्टोरेजच्या नव्या वर्षासाठी, असे दोन नवे डेटाबेस करायचे आहेत. 'क्रिएट डेटाबेस' ही आज्ञा दिली की 'टेम्प्लेट१' हा डेटाबेस दुसरे कोणीतरी वापरत असल्याची त्रुटी येते. एका परिचिताने त्यांना गेल्या वर्षीच्या डेटाबेसची नक्कल करून जुन्या नोंदी पुसून टाकाव्यात, असे सुचवले आहे. हे करावे का आणि नेमकी आज्ञा कोणती, एवढेच त्यांना हवे आहे.

अडलेले काम आधी सोडवू. पोस्टग्रेस्क्यूएल नवा डेटाबेस शून्यातून उभा करत नाही. तो एखाद्या अस्तित्वात असलेल्या डेटाबेसची प्रत काढतो, आणि आपण काही सांगितले नाही तर ती प्रत 'टेम्प्लेट१' ची असते. प्रत काढताना त्या मूळ डेटाबेसला दुसरे कोणीही जोडलेले असता कामा नये, असा नियम आहे. आपल्या बाबतीत बहुधा कोणाच्या तरी संगणकावर पीजी-ॲडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनाची खिडकी 'टेम्प्लेट१' ला जोडून उघडी राहिली असावी. 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' या सर्व्हरच्या तयार तक्त्यात डेटाबेसचे नाव, युजर आणि कोणत्या संगणकावरून जोडणी आली आहे हे दिसते. ती जोडणी बंद केली की त्रुटी जाईल. मी मात्र 'टेम्प्लेट१' च्या वाटेलाच जात नाही आणि आज्ञेत 'टेम्प्लेट०' असे स्पष्ट लिहितो. 'टेम्प्लेट०' ला जोडणी करण्याची मुभाच मुळात बंद असते, त्यामुळे ही त्रुटी तिथे सहसा येत नाही. शिवाय बरीच वर्षे चाललेल्या सर्व्हरवर कोणीतरी चुकून 'टेम्प्लेट१' मध्ये एखादे टेबल किंवा फंक्शन तयार करून ठेवलेले असते आणि ते पुढच्या प्रत्येक नव्या डेटाबेसमध्ये निमूटपणे उतरत राहते. 'टेम्प्लेट०' कोरा असतो. आणखी एक गोष्ट अशी की ही आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटाच्या, आत चालत नाही. एखादे साधन प्रत्येक आज्ञेभोवती आपणहून ट्रान्झॅक्शन सुरू करत असेल, तर वेगळी त्रुटी दिसेल. अशा वेळी सरळ 'पीएसक्यूएल' या आज्ञा टंकण्याच्या साधनातून आज्ञा द्यावी.

आज्ञा एका ओळीची आहे आणि काही क्षणांत पूर्ण होते, त्यामुळे खरा प्रश्न तिचा नाहीच. नव्या डेटाबेसविषयी आपण जे निर्णय घेतो, त्यांतले काही उद्या एका ओळीत बदलता येतात आणि काही जवळजवळ बदलताच येत नाहीत. मालक कोण, परवानग्या कोणाला, टाइमझोन कोणता, एकाच वेळी किती जोडण्या चालतील, हे सारे पहिल्या प्रकारातले. नावही बदलता येते, मात्र त्या वेळी डेटाबेसला कोणी जोडलेले नसावे आणि सॉफ्टवेअरच्या व बॅकअपच्या फायलींतील जुने नाव आठवणीने बदलावे. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे आकड्यांत साठवण्याची पद्धत, मात्र डेटाबेस तयार झाल्यावर बदलता येत नाही. सगळा डेटा बाहेर काढून नव्या डेटाबेसमध्ये भरावा लागतो. मूळ कोलेशनचे, म्हणजे शब्दांच्या क्रमाच्या नियमाचे, तसेच आहे. सर्वांत अवघड असते ती दोन डेटाबेसांमधली हद्द, कारण तिच्यावर पुढे सगळे अहवाल, सगळा कोड आणि माणसांच्या सवयी उभ्या राहतात. म्हणून वेळ घालवायचा तो या तीन गोष्टींवर.

हद्दीपासून सुरुवात करू. दर वर्षी नवा डेटाबेस ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारत नाही. पाडव्याला वहीपूजन करून व्यापारी नवी वही सुरू करतो, तशीच एप्रिलमध्ये संगणकावर नवी 'कंपनी' उघडण्याची ही रीत आहे. कागदाची वही भरून संपते म्हणून नवी घ्यावी लागते. डेटाबेसला ती अडचण नाही. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत खऱ्या मर्यादेतून आली होती. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत २००८ आर२ पासून कितीतरी वर्षे प्रत्येक डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये अशी मर्यादा नाही आणि एका कोल्ड स्टोरेजच्या आवक-जावकेने आजचा सर्व्हर भरून जाईल, असे मला तरी वाटत नाही.

आपल्या व्यवसायात तर वर्षाची हद्द अगदी नको तिथे पडते. द्राक्षाचा हंगाम जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालतो आणि बेदाणा प्रामुख्याने फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तयार होऊन स्टोरेजला येतो. म्हणजे ३१ मार्च ही तारीख आवक जोरात असतानाच येते. मार्चच्या मध्यात आलेला लॉट श्रावणात किंवा दिवाळीच्या आधी सौद्यात निघतो. त्याचे भाडे आलेल्या तारखेपासून मोजायचे असते, त्यावर शेतकऱ्याने घेतलेली उचल वळती करायची असते. दोन वर्षांचे दोन डेटाबेस असतील, तर तो लॉट 'आरंभीची शिल्लक' म्हणून नव्यात पुन्हा नोंदवावा लागतो आणि मूळ आवकेची नोंद जुन्यातच राहते. लेखापरीक्षकांनी जूनमध्ये मागच्या वर्षातली एखादी नोंद दुरुस्त करायला सांगितली की आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक यांचा मेळ तुटतो. त्यात पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये एका डेटाबेसमधून दुसऱ्यातले टेबल सरळ वाचता येत नाही. त्यासाठी 'पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू' किंवा 'डीबीलिंक' यांसारखा जोडमार्ग बसवावा लागतो. वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, हेही लक्षात घ्यावे. तेवढ्या काळात असे किती डेटाबेस साठतील आणि त्यांतल्या प्रत्येकाची टेबले थोडी थोडी वेगळी कशी होत जातील, याचा अंदाज आपल्याला चार डेटाबेस सांभाळताना आलाच असेल.

म्हणून कोल्ड स्टोरेजसाठी नव्या वर्षाचा वेगळा डेटाबेस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक व्यवहाराला तारीख आहेच. वर्ष हे त्या तारखेवरून काढायचे. जुने वर्ष बंद करण्याची गरज खरी आहे, पण ती वेगळ्या डेटाबेसने भागवण्याची नाही. 'या तारखेपर्यंतच्या नोंदी कुलूपबंद' अशी एक तारीख टेबलात ठेवावी आणि तिच्या आतल्या नोंदीत फेरफार झाला तर ट्रिगरने, म्हणजे नोंद बदलताना आपोआप चालणाऱ्या कोडने, तो अडवावा. अर्थात हे सॉफ्टवेअर आपल्या हातातले असेल तरच शक्य आहे. तयार सॉफ्टवेअर विकत घेतलेले असेल आणि ते वर्षागणिक डेटाबेस मागत असेल, तर त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही. ते म्हणते तसे करावे आणि या उत्तरातला पुढचा भाग तेवढा उपयोगात आणावा.

दुसऱ्या फर्मचा प्रश्न इतका सरळ नाही, तो परिस्थितीवर अवलंबून आहे. तीन मार्ग संभवतात : वेगळा डेटाबेस, एकाच डेटाबेसमध्ये वेगळा स्कीमा म्हणजे टेबलांचा वेगळा कप्पा, किंवा एकाच टेबलात फर्मचा क्रमांक सांगणारा स्तंभ. शेवटचा मार्ग सर्वांत सोपा दिसतो, पण एखाद्या अहवालाच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आज्ञेत, फर्मची अट लिहायची राहिली की एका फर्मचे आकडे दुसऱ्या फर्मच्या कागदावर छापले जातात. हे रोखण्यासाठी प्रत्येक ओळीवर परवानगी तपासण्याची सोय पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये ९.५ या आवृत्तीपासून आहे. मात्र ती नीट बसवायला अनुभव लागतो. स्कीमा वेगळा ठेवला तर दोन्हींचे एकत्र अहवाल एकाच क्वेरीत निघतात आणि नावांची सरमिसळ होत नाही. वेगळ्या डेटाबेसमध्ये एकत्र अहवालाची सोय जाते, टेबलाच्या रचनेतला प्रत्येक बदल दोन्हीकडे करावा लागतो, आणि सर्व्हरच्या एकूण जोडण्या, ज्या मूळ सेटिंगप्रमाणे १०० असतात, त्या दोघांत वाटल्या जातात. त्याच्या बदल्यात दोन्ही फर्मचा बॅकअप स्वतंत्र निघतो आणि उद्या एखादी फर्म दुसऱ्याच्या हाती गेली, तर तिचा डेटा तेवढाच उचलून देता येतो.

आपल्या बाबतीत मी वेगळाच डेटाबेस करेन, आणि त्याचे कारण तांत्रिक नसून धंद्यातले आहे. कोल्ड स्टोरेजमध्ये माल ठेवणारे सगळे काही मालकांच्या नव्या अडत फर्मचे गिऱ्हाईक नसतात. त्यांत इतर अडत्यांचा आणि व्यापाऱ्यांचाही माल असतो. कोणाचे किती बॉक्स पडून आहेत, कोणी किती उचल घेतली आहे आणि कोण कधी माल बाहेर काढतो आहे, ही माहिती सौद्याच्या आदल्या दिवशी अडत दुकानातल्या कारकुनाच्या पडद्यावर दिसू लागली, तर स्टोरेजवरचा विश्वास उडायला वेळ लागणार नाही. म्हणून ही भिंत जितकी जाड करता येईल तितकी करावी. मालकांना दोन्हींचा एकत्रित आढावा हवा असेल, तर तो महिन्याकाठी दोन्हीकडून काढून जुळवता येतो. तरीही एकाच सर्व्हरवरचे दोन डेटाबेस पूर्ण वेगळे नसतात, हे मालकांना आधीच सांगून ठेवावे. युजर सगळ्या सर्व्हरला समाईक असतात, सर्व्हर बंद पडला की दोन्ही बंद पडतात, आणि व्यवहारांच्या नोंदवहीवरून, म्हणजे 'वॉल' वरून, 'काल दुपारी दोन वाजताच्या स्थितीला' परत जायचे झाले तर सगळा सर्व्हर मागे जातो, एकटा डेटाबेस जात नाही.

आता एन्कोडिंग. इथे चर्चेला जागा नाही. 'यूटीएफ-८' च ठेवावे. पण ते आहे असे गृहीत धरू नये. सर्व्हर बसवताना ऑपरेटिंग सिस्टीमची भाषा ठरवलेली नसेल आणि 'सी' लोकेलवर, म्हणजे कोणत्याही भाषेच्या नियमांविना, सर्व्हर उभा राहिला असेल, तर मूळ एन्कोडिंग 'एसक्यूएल_ॲस्की' झालेले असू शकते. त्यात मराठी मजकूर जातो आणि परतही येतो, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते. वस्तुतः सर्व्हर त्यातले काहीच तपासत नसतो, आणि एखाद्या संगणकावरून चुकीच्या एन्कोडिंगमध्ये आलेली नावेही तो मुकाट्याने स्वीकारतो. 'पीएसक्यूएल' मध्ये 'बॅकस्लॅश एल' दिले की प्रत्येक डेटाबेसचे एन्कोडिंग, कोलेशन आणि मालक एका तक्त्यात दिसतात; नवे काही करण्याआधी हा तक्ता पाहावा. जुन्या डेटाबेसमधली नावे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये भरलेली असतील, तर ती डेटाबेसच्या दृष्टीने मराठी नाहीतच, ती रोमन चिन्हांची ओळ आहे. ती युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय नव्या डेटाबेसमध्ये आणू नयेत.

कोलेशनकडे मराठी माणसाने जरा अधिक लक्ष द्यावे, कारण परदेशी मार्गदर्शिकांत आपला प्रश्न येतच नाही. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हे अक्षर 'ल' च्या लगेच पुढे आणि 'व' च्या आधी बसवलेले आहे. आपल्या वर्णमालेत मात्र ते 'ह' नंतर येते. त्यामुळे केवळ अक्षरांच्या क्रमांकांनुसार यादी लावली, तर काळे, कावळे, काशीद, कासार असा क्रम लागतो. मराठी रीतीने तो कावळे, काशीद, कासार, काळे असा हवा. छापील यादीत बोटाने नाव शोधणाऱ्या वयस्कर मुनिमाला हा फरक लगेच खटकतो. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, आयसीयू या ग्रंथालयाचे (म्हणजे सॉफ्टवेअरला लागणाऱ्या तयार कोडच्या संग्रहाचे) कोलेशन वापरता येते आणि त्यात मराठीसाठी 'एमआर-एक्स-आयसीयू' या नावाचे कोलेशन तयार मिळते. पंधराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, आयसीयूचे कोलेशन संपूर्ण डेटाबेसचे मूळ कोलेशन म्हणूनही ठेवता येते. वर दिलेली चार आडनावे एका लहानशा टेबलात भरून दोन्ही क्रम आपल्या डोळ्यांनी पडताळून घ्यावेत. त्याला पाच मिनिटेही लागणार नाहीत.

असे असूनही मी संपूर्ण डेटाबेसला मराठी कोलेशन देत नाही. डेटाबेसचे मूळ कोलेशन मी 'सी' ठेवतो, अक्षरांचे वर्गीकरण 'सी.यूटीएफ-८' ठेवतो, आणि शेतकऱ्याचे नाव, व्यापाऱ्याचे नाव, गाव अशा मोजक्या स्तंभांनाच मराठी कोलेशन देतो. याचे कारण इंडेक्समध्ये, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूचीत, आहे. मजकुराच्या स्तंभावरचा इंडेक्स कोलेशनच्या क्रमाने रचलेला असतो, आणि तो क्रम ठरवणारे नियम डेटाबेसच्या बाहेर, ऑपरेटिंग सिस्टीमच्या किंवा आयसीयूच्या ग्रंथालयात असतात. २०१८ मध्ये लिनक्सच्या 'जीलिबसी' ग्रंथालयाच्या २.२८ या आवृत्तीत हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. उबुंटू १८.०४ मध्ये त्याआधीचे ग्रंथालय होते आणि २०.०४ मध्ये नंतरचे. त्यामुळे ज्यांनी केवळ ऑपरेटिंग सिस्टीम पुढच्या आवृत्तीवर नेली, त्यांच्या जुन्या इंडेक्सचा क्रम आणि नवा नियम यांत विसंगती निर्माण झाली. टेबलात असलेली नोंद शोधल्यावर सापडत नाही आणि अद्वितीय असायला हवा तो क्रमांक दोनदा भरला जातो, अशा स्वरूपाचे हे दोष असतात, आणि ते कोणतीही त्रुटी न दाखवता येतात. 'सी' कोलेशन केवळ बाइटच्या क्रमाने चालते, त्यामुळे ते ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर बदलत नाही. लॉट क्रमांक, पावती क्रमांक, गाडी क्रमांक यांना वर्णमालेचे देणेघेणे नसतेच. शिवाय 'सी' कोलेशनवर साधा इंडेक्स असला तरी सुरुवातीच्या अक्षरांवरून घेतलेला शोध इंडेक्सचा उपयोग करतो; इतर कोलेशनमध्ये त्यासाठी वेगळा इंडेक्स करावा लागतो. मोठ्या बदलानंतर पुन्हा बांधायचे इंडेक्स मग नावांच्या दोन-चार स्तंभांपुरते उरतात.

जाता जाता एक सांगतो, कारण आपल्याकडे माल कऱ्हाड भागातूनही येत असेल. 'कऱ्हाड' मधला अर्धा 'ऱ' वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या चिन्हांनी टंकतात. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, डेटाबेसला मात्र दोन-तीन वेगळी गावे दिसतात. मूळ कोलेशनने हा प्रश्न सुटत नाही. गावांची यादी स्वतंत्र टेबलात ठेवून तिच्यातूनच निवडायला लावणे, हा त्यावरचा मला पटलेला उपाय आहे.

नाव ठरवताना लहान रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेखा एवढेच वापरावे. अवतरणचिन्हांशिवाय दिलेली मोठी अक्षरे पोस्टग्रेस्क्यूएल स्वतःच लहान करतो, आणि अवतरणचिन्हांत एकदा मोठी अक्षरे दिली की पुढे प्रत्येक वेळी ती तशीच द्यावी लागतात. नावाची मर्यादा ६३ बाइट आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे हौसेने मराठी नाव दिले तर काना-मात्रा धरून २१ चिन्हांत ते बसवावे लागेल. नावात वर्ष घालू नये, हे वरच्या चर्चेनंतर वेगळे सांगायला नको.

मालकी आणि परवानग्या उद्याही बदलता येतात हे खरे, पण सुरुवातीला नीट केल्या तर फार त्रास वाचतो. ज्या रोलच्या (पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये युजर आणि गट या दोघांनाही रोल म्हणतात) नावावर डेटाबेस आहे तो रोल तो डेटाबेस काढूनही टाकू शकतो. म्हणून सॉफ्टवेअर ज्या युजरने जोडले जाते तो युजर मालक नसावा. प्रत्येक फर्मसाठी मी लॉगिनची मुभा नसलेला एक मालक रोल करतो, सगळी टेबले त्याच्या नावावर ठेवतो आणि सॉफ्टवेअरच्या युजरला वाचणे, भरणे, बदलणे आणि पुसणे एवढेच देतो. पुढे तयार होणाऱ्या टेबलांसाठी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' ही आज्ञा द्यावी, मात्र ती ज्या रोलसाठी दिली त्याने तयार केलेल्या टेबलांनाच लागू होते, हे विसरू नये. पंधराव्या आवृत्तीपासून 'पब्लिक' स्कीमामध्ये कोणीही टेबल तयार करण्याची जुनी मुभा काढून टाकली आहे. 'पब्लिक स्कीमासाठी परवानगी नाही' ही त्रुटी दिसली तर कारण बहुधा हेच असते, आणि त्यावर सर्वाधिकार असलेल्या सुपरयुजरने काम करू लागणे हा उपाय नव्हे.

आपल्यासाठी याहून महत्त्वाचे असे की नव्या डेटाबेसला जोडण्याची परवानगी पोस्टग्रेस्क्यूएल मुळात सर्वांना देतो. म्हणजे अडत फर्मच्या युजरला कोल्ड स्टोरेजच्या डेटाबेसमध्ये शिरता येते. टेबले वाचता आली नाहीत तरी त्यांची नावे दिसतात. डेटाबेस तयार होताच 'कनेक्ट' ही परवानगी 'पब्लिक' कडून, म्हणजे सर्व युजरकडून (इथला 'पब्लिक' म्हणजे वरचा स्कीमा नव्हे), काढून घ्यावी आणि त्या त्या फर्मच्या रोललाच द्यावी. अहवालांसाठी 'पीजी_रीड_ऑल_डेटा' हा तयार रोल कोणी सुचवेल. तो एका डेटाबेसपुरता नसून सगळ्या सर्व्हरला लागू असतो, त्यामुळे आपण उभारलेल्या भिंतीला तो भगदाड पाडू शकतो.

आता परिचिताच्या सल्ल्याकडे वळतो. गेल्या वर्षीच्या डेटाबेसची प्रत काढून नोंदी पुसणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण मी तसे करू नये असे सांगेन. प्रत काढेपर्यंत मूळ डेटाबेसला कोणी जोडलेले चालत नाही, म्हणजे काम बंद ठेवावे लागते, हा त्यातला किरकोळ भाग झाला. जुन्या शेतकऱ्यांची नावे, बँक खाती, सॉफ्टवेअरच्या युजरचे पासवर्ड, कोणत्या तरी तात्पुरत्या टेबलात पडून राहिलेली मागची पट्टी, हे सगळे प्रतीबरोबर जाते, आणि काय काय पुसायचे याची यादी कोणाकडेच पूर्ण नसते. नोंदी पुसल्या तरी पावती क्रमांकाचा सिक्वेन्स मागच्या आकड्यावरूनच पुढे चालतो. उलट, जे यावे असे वाटते ते येत नाही : 'ऑल्टर डेटाबेस' ने दिलेली सेटिंग्ज आणि डेटाबेसच्या पातळीवरच्या परवानग्या प्रतीत उतरत नाहीत. त्याऐवजी 'पीजी_डंप' या बॅकअप काढण्याच्या साधनाला केवळ रचना मागावी, ती फाइल एकदा वाचून नको असलेली टेबले काढावीत, आणि ती कोऱ्या डेटाबेसमध्ये चालवावी. कराचे दर, मालाचे प्रकार अशी पायाभूत माहिती मोजक्या टेबलांची असते. ती नावानिशी निवडून वेगळी आणावी.

तेव्हा आपल्या कामाचा क्रम असा होईल. आधी 'क्रिएट रोल' ने मालक रोल आणि सॉफ्टवेअरचा युजर तयार करावा. मग 'क्रिएट डेटाबेस' या आज्ञेत नाव, 'ओनर' म्हणून तो मालक रोल, 'टेम्प्लेट' म्हणून 'टेम्प्लेट०', 'एन्कोडिंग' म्हणून 'यूटीएफ-८', 'एलसी_कोलेट' म्हणून 'सी' आणि 'एलसी_सीटाइप' म्हणून 'सी.यूटीएफ-८' असे सगळे स्पष्ट लिहावे; मूळ सेटिंग आहे तेच असले तरीही लिहावे, कारण ही आज्ञा फाइलमध्ये जपून ठेवल्यास पुढच्या माणसाला काय आणि का ठरवले होते ते कळते. त्यानंतर 'कनेक्ट' काढून घ्यावे, 'ऑल्टर डेटाबेस' ने टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करावा, कोणी कुठून जोडावे हे ठरवणाऱ्या 'पीजी_एचबीए' फाइलमध्ये डेटाबेसची नावे लिहिलेली असतील तर नव्याचे नाव घालून ती फाइल पुन्हा वाचायला लावावी, आणि शेवटी रचना चालवावी. 'क्रिएट डेटाबेस' ही आज्ञा देणाऱ्या युजरला 'क्रिएटडीबी' ची परवानगी लागते. 'आधीच नसेल तर तयार कर' असे म्हणण्याची मायएसक्यूएलमधली सोय इथे नाही, त्यामुळे फाइल दुसऱ्यांदा चालवली तर त्रुटी येईल. तिने घाबरून जाऊ नये.

मायएसक्यूएल वापरणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचे तर तिथे डेटाबेस आणि स्कीमा एकच असतात आणि एका सर्व्हरवरच्या दोन डेटाबेसांतली टेबले एका क्वेरीत जोडता येतात, म्हणून हद्दीचे गणित थोडे सौम्य होते. एन्कोडिंग मात्र 'यूटीएफ८एमबी४' असेच लिहावे. २०१८ च्या ८.० या आवृत्तीपासून ते मूळ सेटिंग आहे. त्याआधी 'लॅटिन१' असे, आणि त्यात भरलेल्या मराठीच्या जागी अनेकदा प्रश्नचिन्हे उरत. ती प्रश्नचिन्हे पुन्हा मराठी होत नाहीत.

डेटाबेस तयार झाला म्हणजे काम संपले असे समजून उठू नये, बॅकअप पाहावा. रात्री चालणाऱ्या बॅकअपच्या फाइलमध्ये बहुतेक ठिकाणी डेटाबेसची नावे एकेक करून लिहिलेली असतात आणि नव्याचे नाव त्यात आपोआप येत नाही. एका संस्थेत असा नवा डेटाबेस अनेक महिने बॅकअपविना चालला होता आणि डिस्क बिघडल्यावरच ते लक्षात आले. 'पीजी_डंप' एका डेटाबेसचाच असतो आणि त्यात रोल व त्यांचे पासवर्ड येत नाहीत. त्यासाठी 'पीजी_डंपऑल' ला केवळ सर्व्हरव्यापी माहिती मागून ती वेगळी ठेवावी लागते. पहिला बॅकअप निघाला की तो दुसऱ्या संगणकावर उतरवून सॉफ्टवेअर जोडून पाहावे. आपला सर्व्हर सांगलीत असेल, तर बॅकअपची एक प्रत तासगावला न्यावी. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सर्व्हर आणि त्याचा बॅकअप एकाच इमारतीत का ठेवू नये, हे समजावून सांगावे लागत नाही.

राहता राहिले आपले जुने चार डेटाबेस. ते घाईने एकत्र करू नयेत. प्रत्येकातले शेतकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे क्रमांक वेगळे असतील, एकाच माणसाची चार नावे झालेली असतील, आणि ती जुळवणे हे संगणकाचे काम नसून मुनिमासोबत बसून करायचे काम आहे. चालू वर्षाचा डेटाबेस हाच पुढे कायमचा ठेवावा, त्याचे वर्ष असलेले नाव एखाद्या रविवारी बदलावे आणि एप्रिलच्या नोंदी त्यातच सुरू कराव्यात. त्याचे एन्कोडिंग आणि कोलेशन वर सांगितल्याप्रमाणे नसेल, तर मात्र नवा डेटाबेस करून डेटा त्यात उतरवण्याची हीच वेळ आहे. हे काम हंगाम सुरू होण्याआधी उरकावे, मार्चमध्ये काढू नये. उरलेल्या तिघांतून सॉफ्टवेअरच्या युजरचे भरणे, बदलणे आणि पुसणे काढून घ्यावे व केवळ वाचणे ठेवावे. 'डिफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली' हे सेटिंग चालू केले तरी युजर ते आपल्या जोडणीपुरते बंद करू शकतो, म्हणून त्या एकट्यावर विसंबू नये. प्रत्येकाचा शेवटचा बॅकअप काढून त्यावर तारीख आणि पोस्टग्रेस्क्यूएलची आवृत्ती लिहावी, आणि लेखापरीक्षकांनी मागितले तर उघडता येईल अशा ठिकाणी तो ७२ महिन्यांची मुदत उलटेपर्यंत ठेवावा.